पाएटिझम, इव्हँजेलिकल श्रद्धा आणि ख्रिस्ती कॉलेजं : नागपूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात चहा होतो, कधी तर्री-पोहेही असतात. हे प्रश्न बहुतेक तिथेच मला विचारले गेले. काही व्हॉट्सॲपवर आले, तर काही हिस्लॉप, एसएफएस या इथल्या ख्रिस्ती कॉलेजांत शिकणाऱ्या आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांनी विचारले. मी पाळक नाही. आयुष्यभर कॉलेजात शिकवलं आणि आता निवृत्त आहे. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे 'मला वाटतं' असं म्हटलं आहे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. पाएटिझम म्हणजे नेमकं काय? थोडक्यात सांगा.

सतराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या लुथरन चर्चमध्ये सुरू झालेली ही चळवळ. ज्यांच्या नावाने हे चर्च ओळखलं जातं त्या मार्टिन ल्यूथरना जाऊन सव्वाशे वर्षं झाली होती. १६१८ ते १६४८ हे तीस वर्षांचं युद्ध देश भाजून काढून नुकतंच संपलं होतं. चर्चमध्ये सिद्धान्त अगदी चोख होते, पण पाळक व्यासपीठावरून एकमेकांची मतं खोडण्यात गर्क आणि लोक झोपलेले. अशा वेळी फ्रँकफर्टचे पाळक फिलिप याकोब स्पेनर यांनी १६७० मध्ये स्वतःच्या घरी छोटे गट जमवायला सुरुवात केली. शास्त्र वाचायचं, त्यावर बोलायचं, प्रार्थना करायची. त्या गटांत शिकलेलेही असत आणि साधी माणसंही.

१६७५ मध्ये त्यांनी 'पिया देसिदेरिया' म्हणजे 'भक्तिपूर्वक इच्छा' या नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात चर्च सुधारण्यासाठी सहा सूचना होत्या. लोकांनी शास्त्र स्वतः वाचावं. पाळकाप्रमाणे प्रत्येक विश्वासणाऱ्यानेही याजकपणाची जबाबदारी उचलावी. ख्रिस्तीपण हे जाणण्यापेक्षा आचरण्याचं आहे हे ओळखावं. मतभेदात गोडवा ठेवावा. पाळकांचं शिक्षण सुधारावं. प्रवचनातून पांडित्य मिरवण्यापेक्षा ऐकणाऱ्याची उभारणी व्हावी. यातली पाचवी सूचना लक्षात ठेवा, ती थेट विद्यापीठांबद्दल आहे. प्रश्न ६ मध्ये तिच्याकडे परत येऊ.

'पाएटिस्ट' हे नाव मात्र त्यांनी स्वतः घेतलं नव्हतं. १६८९ च्या सुमारास लाइपझिगमध्ये ते टिंगलीचा शब्द म्हणून चालत होतं, 'बघा, आले देवभोळे' अशा सुरात. पुढे तेच कायम झालं.

२. मराठीत याला 'भक्तिवाद' म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण जपून. 'भक्ती' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाळ-मृदंग आणि पंढरी येते. पाएटिझममध्ये भक्तीइतकाच भर शिस्तीवर आहे. वेळेवर उठणं, हिशोब ठेवणं, रोज वाचणं, शेजाऱ्याच्या अडचणीत जाणं हे सगळं त्यात येतं. म्हणून मी मूळ शब्दच वापरतो. 'धर्मनिष्ठा' हा शब्द मला कोरडा वाटतो.

३. मग हे आपल्या वारकऱ्यांसारखंच झालं की!

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि तो विचारणारे बहुतेक ख्रिस्ती नसतात.

साम्य आहे, नाकारून चालणार नाही. तुकोबा १६५० च्या सुमारास गेले तेव्हा स्पेनर पंधरा वर्षांचे होते. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं काही कारण नाही. तरी दोघांची तक्रार जवळपास सारखी आहे : शब्द पाठ आहेत, पण जगण्यात उतरलेले नाहीत. दोन्हीकडे लोकांच्या भाषेला मान मिळाला. दोन्हीकडे घरात, ओसरीवर जमणारी छोटी मंडळी हाच कणा ठरला. शेतकरी, सुतार, शिंपी यांनाही देवाबद्दल अधिकाराने बोलता आलं.

फरकही स्पष्ट आहे. पाएटिझमच्या मध्यभागी ख्रिस्ताचा वधस्तंभ आहे, पाप आणि क्षमा आहे, आणि 'नवा जन्म' नावाचा अनुभव आहे. तीर्थ आणि वारी या गोष्टी तिथे नाहीत. आणि एक ग्रंथ आहे, जो प्रत्येकाने स्वतः वाचायचा. 'स्वतः' या एका शब्दामुळे पुढे शाळा काढाव्या लागल्या.

या दोन प्रवाहांना एका माणसाने जोडलं आणि त्याच्या गोष्टीत नागपूर आहे. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने होते. नागपूर-राजनांदगाव रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. मिशनच्या चौकटीबाहेर, आपल्या मातीतली ख्रिस्तभक्त मंडळी असावी हा त्यामागचा विचार होता. स्पेनरच्या घरातला गट आणि हा दरबार मी शेजारी शेजारी ठेवतो. टिळकांनी स्पेनर वाचला होता म्हणून नव्हे, दोघांची ओढ एकच होती म्हणून.

४. इव्हँजेलिकल आणि पाएटिस्ट एकच का?

नातं आजोबा-नातवाचं आहे. जर्मनीतला पाएटिझम, त्यातून १७२२ मध्ये काउंट झिन्झेनडॉर्फ यांच्या जमिनीवर वसलेलं हेर्नहूट गाव आणि तिथले मोरेव्हियन बंधू, त्यांच्या सहवासात आलेले जॉन वेस्ली, अशी ती साखळी आहे. अमेरिकेला जाताना समुद्रात वादळ आलं तेव्हा इंग्रज प्रवासी किंचाळत होते आणि मोरेव्हियन शांतपणे गाणी म्हणत होते. ते पाहून वेस्ली हादरले. २४ मे १७३८ रोजी लंडनला आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत त्यांचं 'अंतःकरण विलक्षण ऊबदार' झालं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. तिथून मेथडिझम आणि इंग्रजी भाषेतली इव्हँजेलिकल जागृती पसरली.

इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये इव्हँजेलिकल माणसाच्या चार खुणा सांगितल्या : बायबलला शेवटचा अधिकार, वधस्तंभ केंद्रस्थानी, मन पालटण्याची गरज, आणि हातावर हात ठेवून न बसणं. चारही खुणा पाएटिस्टांना लागू पडतात. मात्र पाएटिस्ट बहुधा राज्याच्या चर्चमध्ये राहूनच सुधारणा करू पाहत. इव्हँजेलिकल मंडळी पुष्कळदा बाहेर पडून नवं चर्च उभारतात.

५. इव्हँजेलिकल म्हणजे टाळ्या वाजवून गाणारे ना?

नाही. तुम्ही पेंटेकॉस्टल मंडळींबद्दल बोलत आहात. ते बहुतांशी इव्हँजेलिकल असतात, पण सगळे इव्हँजेलिकल पेंटेकॉस्टल नसतात. आमच्या खलाशी लाइनीत अशा कितीतरी म्हाताऱ्या आज्या होत्या ज्या पक्क्या इव्हँजेलिकल होत्या आणि उपासनेत जरा जोरात कुणी 'आमेन' म्हटलं तर मागे वळून बघत.

६. भक्तीवर एवढा भर, मग विद्यापीठाशी काय देणंघेणं? उलट शिक्षणाने भक्ती कमी होते असं आमच्याकडे सांगतात.

ज्यांनी हे सांगितलं त्यांना हाले शहराची गोष्ट ऐकवा.

१६९४ मध्ये प्रशियात हाले विद्यापीठ स्थापन झालं आणि लवकरच पाएटिस्टांचं माहेरघर बनलं. तिथे प्राध्यापक आणि शेजारच्या ग्लाउखा वस्तीचे पाळक होते आउगुस्ट हेर्मान फ्रांके. वस्ती दारुड्यांची, मुलं उनाड. १६९५ मध्ये त्यांच्या दानपेटीत चार टालर आणि सोळा ग्रोशन एवढी रक्कम पडली. 'ही चांगली रक्कम आहे, हिच्यातून शाळा काढू,' असं म्हणून त्यांनी पुस्तकं घेतली आणि एक विद्यार्थी शिकवायला ठेवला. पुढच्या तीस वर्षांत तिथे अनाथाश्रम, गरिबांच्या शाळा, श्रीमंतांच्या मुलांचं वसतिगृह, शिक्षक तयार करणारी संस्था, औषधशाळा, छापखाना आणि ग्रंथालय असं एक अख्खं शहर उभं राहिलं. ते बरंचसं औषधविक्री आणि पुस्तकविक्रीतून चालत असे. १७१० मध्ये तिथे स्वस्त बायबलं छापणारी संस्था निघाली.

फ्रांकेंच्या शाळांत मुलांना नुसतं लॅटिन घोकायला लावत नसत. वनस्पती, खडक, यंत्रांचे नमुने, आकाशाचा अभ्यास हे सगळं असे. दूरदेशीच्या वस्तूंचं एक संग्रहदालन होतं, ते आजही पाहता येतं. याच परंपरेत तयार झालेल्या योहान यूलियुस हेकर यांनी १७४७ मध्ये बर्लिनला 'रेआलशूले' काढली. व्यवहारोपयोगी विषय शिकवणारी ही शाळा. १७६३ चा प्रशियाचा ग्रामीण शाळांचा कायदाही त्यांनीच लिहिला. मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे हे सरकारने म्हणण्याच्या इतिहासात या कायद्याचं नाव आवर्जून येतं.

हे असं का झालं? प्रश्न ३ मधला 'स्वतः' आठवा. ग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचायचा असेल तर मोलकरणीच्या मुलीलाही वाचता आलं पाहिजे, आणि तिला शिकवणारा मास्तर नीट शिकलेला पाहिजे. त्या मास्तराला घडवायचं तर विद्यापीठ लागतं. पाएटिस्टांना पांडित्याचा तिटकारा होता तो जगण्यापासून सुटलेल्या पांडित्याचा. हा फरक आपल्याकडच्या काही प्रार्थनासभांत हरवलेला आहे असं मला वाटतं.

७. या हालेचा भारताशी, त्यातही मराठी माणसाशी काय संबंध?

आहे, आणि तो थेट राजवाड्यात जातो. हालेत शिकलेले बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि त्यांचे साथी हाइनरिख प्लुट्शाऊ डेन्मार्कच्या राजाच्या पाठिंब्याने ९ जुलै १७०६ रोजी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले. झीगेनबाल्ग वाळूत बोटाने अक्षरं गिरवत मुलांबरोबर तमिळ शिकले. १७१५ मध्ये त्यांनी तमिळ नवा करार छापला.

त्याच परंपरेतले क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ १७५० मध्ये आले आणि पुढे तंजावरला स्थायिक झाले. तंजावर तेव्हा भोसल्यांचं होतं. आपले नागपूरकर भोसले वेगळे, हे वेगळे. तुळजाजी राजांनी दत्तक पुत्र सरफोजीला या पाएटिस्ट पाळकाच्या हवाली केलं. वारसाहक्काच्या भांडणात श्वार्ट्झ सरफोजीच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याचं शिक्षण मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली झालं. हाच सरफोजी पुढे सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारा, वैद्यकात रमणारा आणि दरबारी छापखान्यात १८०६ च्या सुमारास मराठी पुस्तक छापून घेणारा राजा झाला. तो शेवटपर्यंत हिंदू राहिला. श्वार्ट्झ गेल्यावर त्याने लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मृत्युशय्येवरचे गुरू आणि त्यांचा हात धरलेला राजा, असं ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. प्रश्न १२ वाचताना हे चित्र मनात असू द्या.

दुसरा संबंध छपराचा आहे. स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीतल्या पाएटिस्टांनी १८१५ मध्ये बाझेल मिशन काढलं. त्या मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला. 'मंगलोरी कौलं' ती हीच. आपल्याकडे त्यांना कवेलू म्हणतात एवढंच.

८. नागपुरात पाएटिस्ट कधी आले? हिस्लॉप पाएटिस्ट होते का?

पहिले आले ते जर्मन कारागीर. बर्लिनचे पाळक गोसनेर सुतार-लोहार-शेतकरी अशा माणसांना मिशनरी म्हणून पाठवत. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा एक गट अमरकंटकजवळ गोंडांमध्ये राहायला गेला. कॉलऱ्याने बहुतेकांचा बळी घेतला, उरलेसुरले नागपूर-कामठीकडे आले.

१८४५ मध्ये आले स्टीफन हिस्लॉप. ते जर्मन परंपरेतले नव्हते. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे १८४३ मध्ये सरकारी हस्तक्षेप नको म्हणून मूळ चर्चमधून फुटून निघालेल्या मंडळींपैकी होते. म्हणून काटेकोर बोलायचं तर ते स्कॉटिश प्रेस्बिटेरियन इव्हँजेलिकल. पण शाळा, लोकभाषा, निसर्गाचा अभ्यास आणि प्रार्थना ही त्यांची चौकडी पाहिली तर फ्रांकेंना ते अनोळखी वाटले नसते.

हिस्लॉपनी नागपुरात शाळा काढली आणि मोकळ्या वेळात हातोडी घेऊन टाकळीच्या परिसरात जीवाश्म गोळा केले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूरच्या भूशास्त्रावर त्यांनी लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये आला. एका खनिजाला 'हिस्लोपाइट' नाव मिळालं. गोंडांच्या भाषेबद्दल, रीतींबद्दल आणि त्यांच्या आदिपुरुषाच्या, लिंगोच्या गाण्याबद्दलची त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. तोवर हिस्लॉप नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून आणि बोरीची शाळा तपासून परतताना, फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. शेहेचाळीसावं वर्ष पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते.

९. म्हणजे हिस्लॉप कॉलेज त्यांनीच काढलं ना?

नाही, ही सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावी लागणारी चूक आहे. त्यांनी काढली ती शाळा. कॉलेज १८८३ चं, म्हणजे ते गेल्यानंतर वीस वर्षांनी मिशनने त्यांच्या नावाने सुरू केलेलं. तेव्हा नागपूरला विद्यापीठच नव्हतं, म्हणून कॉलेज आधी कलकत्त्याला जोडलेलं होतं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. तेव्हा 'विद्यापीठाचं कॉलेज' म्हणण्याऐवजी 'कॉलेजांचं विद्यापीठ' म्हणायला माझी हरकत नाही.

या कॉलेजचे प्राचार्य डॉ. डेव्हिड मोझेस १९६१ च्या दिल्ली अधिवेशनात जागतिक चर्च परिषदेच्या सहा अध्यक्षांपैकी एक म्हणून निवडले गेले. त्याच सहांत हिटलरच्या तुरुंगात राहिलेले मार्टिन नीमोलर होते. नागपुरातल्या किती जणांना हे माहीत असेल?

१०. एसएफएस कॉलेजही याच परंपरेतलं का?

नाही, ते कॅथलिक. सेमिनरी हिल्स हे नावही कॅथलिक सेमिनरीवरून, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेवरून. गंमत अशी, की ज्या संत फ्रान्सिस द सेल्स यांचं नाव त्या कॉलेजला आहे, त्यांनीही १६०९ मध्ये संसारी माणसाने भक्तिमय जीवन कसं जगावं यावरच पुस्तक लिहिलं होतं, स्पेनरच्या जन्माआधी. भक्तीची तहान एकाच चर्चला लागत नाही.

११. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नागपुरात जन्मली म्हणतात. तिच्यात पाएटिझमचा काही अंश आहे का?

२९ नोव्हेंबर १९७० ला सिव्हिल लाइन्समधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चेस एक झाली. त्यातलं एक होतं चर्च ऑफ द ब्रेदरन. त्याची सुरुवात १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी झाली, जेव्हा आठ माणसांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला. ते सगळे पाएटिस्ट प्रभावातले, राज्याच्या चर्चमधून बाहेर पडलेले. म्हणजे एडर नदीचा एक ओहोळ अडीचशे वर्षांनी नागपुरात येऊन मिळाला.

शेजारी छिंदवाड्याला मुख्यालय असलेलं लुथरन चर्च आहे, ते स्वीडनच्या मिशनमधून वाढलं. त्या मिशनमागची संस्था १८५६ मध्ये स्वीडिश पाएटिस्ट जागृतीतून निघाली होती. छिंदवाड्याहून नागपुरात नोकरीला आलेली कितीतरी कुटुंबं आपल्या उपासनेत शेजारी बसतात. त्यांना विचारा, घरी कुटुंब-प्रार्थना कशी होते.

१२. खरं सांगा, मिशन कॉलेजं धर्मांतरासाठीच काढली होती का?

खरं सांगतो. काढणाऱ्यांना ती आशा होती. स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्ये कलकत्त्यात मिशनच्या इंग्रजी शिक्षणाचा पाया घातला तो, शिक्षणाने जुन्या समजुतींचा पाया आपोआप ढासळेल याच हिशोबाने. हिस्लॉप त्याच पिढीचे. हे लपवणं अप्रामाणिक होईल.

झालं मात्र वेगळंच. हजारो मुलं शिकली, वकील-डॉक्टर-संपादक झाली, मोजकीच ख्रिस्ती झाली. १९३०-३१ मध्ये ऑक्सफर्डचे ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने भारतातल्या ख्रिस्ती कॉलेजांची तपासणी केली. परीक्षांच्या घाण्याला जुंपल्यामुळे कॉलेजांचं वेगळेपण हरवतंय, त्यांनी संशोधनाकडे आणि भोवतालच्या लोकांच्या गरजांकडे वळावं, असा त्यांचा सूर होता. मला तो अजूनही लागू वाटतो.

आता एक मूळ गोष्ट, जी या वादात नेहमी राहून जाते. पाएटिस्टांचा 'पालट' म्हणजे धर्म बदलणं नव्हे. स्पेनर ज्यांच्याशी बोलत होते ते सगळे जन्माने ख्रिस्ती, बाप्तिस्मा झालेले, रविवारी चर्चला जाणारे लोक होते. त्यांनाच ते म्हणत होते की तुमचं मन पालटायला हवं. म्हणजे पाएटिस्टाचा पहिला रोख स्वतःच्या घराकडे. 'नवा जन्म' आणि 'धर्मांतर' हे दोन शब्द मिशनरी काळात एकमेकांत मिसळले, आणि त्यातून बरेच गैरसमज झाले. श्वार्ट्झ आणि सरफोजीच्या शिल्पात गुरू ख्रिस्ती आणि शिष्य हिंदूच आहे, तरी त्या नात्याला कुणी अपयशी म्हणणार नाही.

नागपुरात हा विषय नाजूक आहे आणि त्याला कारणं आहेत. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा मिशनऱ्यांच्या कामाबद्दलचा कडक अहवाल १९५६ मध्ये इथेच प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. 'धर्मांतर' हा शब्द उच्चारला की नागपूरकराला आधी दीक्षाभूमी आठवते, आणि तिथे तो शब्द स्वाभिमानाचा आहे. कायद्याचं म्हणाल तर १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं, की घटनेच्या २५ व्या कलमातला प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे.

१३. ख्रिस्ती कॉलेजात प्रार्थनेला बसणं सक्तीचं करता येतं का? आणि ॲडमिशन फक्त ख्रिस्त्यांनाच का?

दोन्हींचं उत्तर घटनेत आहे. कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही, त्याच्या संमतीशिवाय (अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय), धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला लावता येत नाही. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी बाहेर थांबायचं असेल तर नम्रपणे सांगा. तो तुमचा हक्क आहे.

प्रवेशाचं असं : कलम ३० अल्पसंख्याकांना संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. कलम २९(२) सांगतं, की सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेने केवळ धर्म, जात, वंश, भाषा या कारणावरून प्रवेश नाकारू नये. या दोघांचा तोल कसा राखायचा यावर न्यायालयात अनेकदा काथ्याकूट झाला. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्ती बसले आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरेल असं त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षात आपल्याकडच्या ख्रिस्ती कॉलेजांच्या वर्गात डोकावून बघा, बहुतेक मुलं ख्रिस्ती नसतात.

१४. मला थिऑलॉजी शिकायची आहे. घरचे म्हणतात डिग्री 'चालत' नाही.

सगळ्या डिग्र्या एका मापाच्या नाहीत. आपल्याकडे थिऑलॉजीच्या पदवीचं सर्वांत जुनं पीठ म्हणजे श्रीरामपूर, बंगालमधलं, आपलं अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं नव्हे. विल्यम केरी आणि त्यांच्या साथीदारांनी १८१८ मध्ये ते कॉलेज काढलं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ च्या कायद्याने तिची घडी बसवली. देशभरच्या अनेक सेमिनऱ्या या श्रीरामपूरच्याच सिनेटच्या, म्हणजे तिथल्या पदवी देणाऱ्या मंडळाच्या, पदव्या देतात. हेच केरी, ज्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश छापला.

विदर्भापुरतं सांगायचं तर इव्हँजेलिकल परंपरेतली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. यवतमाळची जुनी मंडळी अजून त्याचा विषय निघाला की हळहळतात.

प्रवेश घेण्याआधी विचारा, पदवी कोण देणार? एखाद्या सेमिनरी-संघटनेचं मूल्यांकन असणं वेगळं आणि कायद्याने पदवी देण्याचा अधिकार असणं वेगळं. पुढे विद्यापीठात एम.ए. किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर त्या विद्यापीठाकडून ही पदवी ग्राह्य आहे का हे लेखी घ्या. तोंडी 'चालतं हो' यावर विसंबू नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची दोन वर्षं अशा तोंडी 'चालतं'मध्ये गेली.

१५. श्रद्धेला धक्का लागतो म्हणून ख्रिस्ती विद्यापीठाने प्राध्यापकाला काढावं का?

प्रश्न ६ मध्ये हालेचं कौतुक केलं, आता तिथलंच दुसरं पान. क्रिस्टियान वोल्फ हे हालेतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. १७२१ च्या भाषणात त्यांनी म्हटलं, की कन्फ्यूशियसची शिकवण पाहता चिनी लोक ख्रिस्ती प्रकटीकरणाशिवाय, नुसत्या बुद्धीने, चांगल्या नीतीपर्यंत पोचले. पाएटिस्ट प्राध्यापक भडकले, फ्रांकेही त्यांच्यात होते. राजाचे कान भरले गेले. १७२३ मध्ये राजाने हुकूम काढला : अठ्ठेचाळीस तासांत राज्य सोडा, नाहीतर फाशी. वोल्फ मारबुर्गला गेले आणि तिथे अधिकच नावारूपाला आले. १७४० मध्ये नव्या राजाने त्यांना मानाने हालेला परत बोलावलं.

स्पेनरची चौथी सूचना मतभेदात गोडवा ठेवण्याची होती. अर्ध्या शतकात तीच विसरली गेली. संस्थेला आपली श्रद्धा जाहीर करण्याचा हक्क आहे, आणि प्राध्यापकाने नोकरी घेताना ती वाचलेली असावी. पण ज्या वर्गात प्रश्न विचारल्यावर राजाकडे धाव घ्यावी लागते, तिथली भक्ती मला घाबरलेली वाटते.

१६. बायबलच्या हस्तलिखितांत फरक आहेत असं मुलीने कॉलेजात ऐकलं. आता काय?

तिला योहान आल्ब्रेख्ट बेंगेल यांची गोष्ट सांगा. विद्यार्थी असताना त्यांनाही याच गोष्टीने झोप लागेना. १७०७ च्या एका ग्रीक आवृत्तीत तीस हजारांच्या आसपास पाठभेद नोंदवले होते. बेंगेल पक्के पाएटिस्ट. त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत. आयुष्य त्यात घातलं आणि १७३४ मध्ये ग्रीक नव्या कराराची चिकित्सक आवृत्ती काढली. दोन पाठांपैकी कठीण पाठ बहुधा मूळचा असतो, कारण लेखनिक सोपं करतो, अवघड करत नाही, हा नियम त्यांनी रुजवला. तो आजही वापरतात, ज्ञानेश्वरीचे पाठ तपासणारेही वापरतात. श्रद्धेचा मूळ गाभा या फरकांनी ढळत नाही असा त्यांचा निष्कर्ष होता.

(ख्रिस्ताचं राज्य १८३६ मध्ये सुरू होईल असंही त्यांनी गणित मांडलं होतं. तेही मुलीला सांगा. विद्वानांबद्दल आदर ठेवताना प्रमाण सुटू नये.)

१७. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. म्हणतो, 'मला देव आहे की नाही हेच कळत नाही.' शंका घेणं पाप आहे असं त्याला प्रार्थनासभेत सांगितलं, तेव्हापासून तो येत नाही. काय करू?

आधी हे, की ज्यांनी तसं सांगितलं त्यांना आपल्याच परंपरेचा इतिहास ठाऊक नाही.

१६८७ मध्ये चोवीस वर्षांचा आउगुस्ट फ्रांके ल्युनेबुर्ग शहरात होता. हाले अजून दूर होतं. थिऑलॉजीत पारंगत, ग्रीक-हिब्रूत तरबेज. त्याला प्रवचन द्यायला सांगितलं. त्याने योहानाच्या शुभवर्तमानातलं विसाव्या अध्यायाचं एकतिसावं वचन निवडलं : येशू हाच ख्रिस्त आहे असा तुम्ही विश्वास धरावा म्हणून हे लिहिलं आहे. तयारी करता करता त्याच्या लक्षात आलं, की ज्या विश्वासाबद्दल आपण बोलणार आहोत तो आपल्याकडेच नाही. बायबल खरं कशावरून, तुर्कांचं कुराण का नाही, इथपर्यंत त्याचं मन गेलं. प्रवचन रद्द करायचं त्याने ठरवलं. मग गुडघे टेकून, ज्या देवाबद्दल खात्री नव्हती त्यालाच, 'तू असशील तर मला वाचव,' अशी प्रार्थना केली. त्याच रात्री त्याच्या शंका विरल्या असं त्याने नंतर लिहिलं आणि प्रवचनही दिलं.

हे त्याने लपवून ठेवलं नाही, लिहून ठेवलं. हालेचं सगळं शहर ज्याने उभं केलं, त्याची सुरुवात इथून आहे. तुमच्या मुलाचं उत्तर एका रात्रीत येईलच असं नाही, आणि फ्रांकेसारखंच येईल असंही नाही. त्याला सभेला ओढू नका. एखाद्या संध्याकाळी दोघे टेकडीवर किंवा फुटाळ्याला जाऊन बसा, त्याला आधी पूर्ण बोलू द्या, मध्ये वचन टाकू नका. त्यानंतर त्याला वाटलं तर ही गोष्ट सांगा.